कांद्याचा भाव आणि मजुराची भाकर
(नामपूर, ता. बागलाण येथील सभेत एका वकील बंधूंनी केलेले भाषण)



आज सकाळी नामपुरात शिरताना रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभी दिसली. तीत माणसे दाटीवाटीने उभी होती. बाया, बाप्ये, दोन-तीन झोळीतली लेकरे आणि भांड्यांची बोचकी. कोठून आलात, असे विचारले तेव्हा एकाने सुरगाणा म्हटले, दुसऱ्याने डांग. सर्वजण कांद्याच्या लागवडीला निघाले होते. पाहुण्याने सभेत मोठमोठ्या विषयांवर बोलावे अशी अपेक्षा असते. परंतु ती गाडी पाहिल्यावर माझा विषय ठरून गेला.

ही माणसे हौसेने घर सोडीत नाहीत. सुरगाणा, पेठ, डांग हा डोंगराचा मुलूख. पावसाच्या पाण्यावर भात, नागली, वरई पिकते आणि दिवाळी सरली की शेतात काम उरत नाही. इकडे मोसमच्या खोऱ्यात विहिरीच्या पाण्यावर उन्हाळ कांद्याची रोपे त्याच वेळी वाफ्यांत लावायची असतात. म्हणून कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन खाली उतरतात. लागवड झाली की निंदणी, आणि चैत्र-वैशाखात काढणी. बागलाणचा कांदा देशभर जातो. तो ज्या हातांनी लावला ते हात मात्र गावच्या गणतीत नसतात.

मजुरीचा विषय काढला की दोन उत्तरे मिळतात. शेतकरी म्हणतो, कांद्याला भाव नाही, मजुरी कोठून देऊ? शहरातला गृहस्थ म्हणतो, मजुरी वाढली म्हणून अन्न महागले. पहिल्या उत्तरात तथ्य आहे, हे मी नाकारीत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात चाळीतला माल पडत्या भावाने विकणारा शेतकरी आपल्यापैकीही कोणी असेल. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून सरकारने केलेला खर्च शेतकऱ्याच्या खात्यावर पडला. पण शेतकऱ्याने तो तेथेच थांबविला का? त्याने तो टोळीवर ढकलला. टोळीच्या खाली ढकलायला कोणी नाही.

आणि त्या मजुराला अन्न कोणी स्वस्त दिले? रेशनचे धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही मिळू शकते, पण तेल, डाळ, मिरची, मीठ तो येथल्याच किराणा दुकानातून उधारीवर घेतो आणि ती उधारी मजुरीतून वळती होते. कांद्याचा भाव पडला म्हणून त्याला तेल कोणी कमी दराने देत नाही. भाव पडला तर त्याची मजुरी घटते. भाव चढला तर ती वाढल्याचे मी पाहिलेले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला आणि त्यात शेतमजुरालाही स्थान मिळाले. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कशावरून मोजावे ते ठरविले : प्रौढ माणसाला दिवसाला २,७०० कॅलरी अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वर घरभाडे, सरपण, दिवाबत्ती. म्हणजे मजुरीचे माप मालाच्या भावाने ठरवायचे नसून मजुराच्या पोटाने ठरवायचे. केरळातील कौलांच्या कारखानदारांनी ऐपतीचे कारण पुढे केले, तेव्हा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतन ठरविताना मालकाच्या ऐपतीचा विचार करण्याचे कारण नाही. आणि १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम-मजुरांच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने निर्णय दिला की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली वेठ होय.

वेठ हा शब्द आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. आपल्या आजोबा-पणजोबांनी ती केली आहे. म्हणूनच याच जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड ज्या लढ्याचे पुढारी होते, त्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या सनदेत जमिनीच्या मागणीबरोबर किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी आणि धान्याच्या भाववाढीला आळा या मागण्याही होत्या. मजुरी आणि भाकर यांचा हिशेब त्या लोकांनी वेगळा केला नव्हता.

येथे मला माझ्या घराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना संकोच वाटतो. वडिलांनी नोकरीच्या पैशातून तीन एकर जमीन घेतली आणि पहिल्याच वर्षी कांदा लावला. टोळी आली. काम उक्ते दिले होते. शेवटच्या दिवशी वडिलांनी हिशेबाची वही माझ्याकडे दिली. त्या वहीत पुरुषाचा दर एक, बाईचा त्याहून कमी. पाणी प्यायला त्यांना वेगळा डबा ठेवलेला होता. कोणी ठेवला ते मी विचारले नाही. मी तेव्हा विधि महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. १९७६ चा समान वेतनाचा कायदा मला परीक्षेसाठी पाठ होता. मी बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणालो आणि वही परत दिली. आमच्या घरात दीक्षा होती, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्या तसबिरीखाली बसून मी ती बेरीज केली होती.

म्हणून आज मी केवळ गावच्या मोठ्या बागायतदारांविषयी बोलत नाही. आपल्यापैकी ज्यांनी जमीन घेतली आहे, जे टोळी बोलावतात, त्यांच्याविषयीही बोलत आहे.

जुने कायदे जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अमलात आली आहे. तिच्याविषयी मतभेद पुष्कळ आहेत, माझेही आहेत. परंतु चार गोष्टी मजुराच्या उपयोगाच्या आहेत. उक्त्याच्या कामातही दिवसाची मजुरी किमान दराच्या खाली जाता कामा नये. एकाच कामाला बाईस कमी दर देता येत नाही. उचल धरून सर्व कपात मजुरीच्या निम्म्याहून अधिक करता येत नाही. आणि मजुरी बुडाल्याची तक्रार आता तीन वर्षांपर्यंत करता येते. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिन्यांचीच मुदत होती, आणि तेवढ्यात टोळी डोंगरात परतून पुन्हा खाली आलेलीही नसे. पैसे दिले हे सिद्ध करण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. पूर्वी माझ्यासमोर बसलेल्या मजुराकडे कागद नसे आणि मी हतबल होत असे. आता कागद मालकाने दाखवायचा आहे.

म्हणून ज्यांच्याकडे टोळी येते त्यांनी वही ठेवावी : नाव, दिवस, दर, दिलेली रक्कम, बाईचे नाव तिच्या नवऱ्याच्या नावाखाली न घालता स्वतंत्र ओळीत. आणि जी तरुण मुले लिहिणे-वाचणे शिकली आहेत त्यांनी संध्याकाळी टोळीच्या पालावर जाऊन त्यांचे दिवस त्यांच्यासाठी लिहून द्यावेत. मी सटाण्याच्या न्यायालयात असतो. असा कागद घेऊन कोणीही आला तर अर्ज मी फी न घेता लिहून देईन. फक्त काम संपून गाडी डोंगराकडे निघण्यापूर्वी या.