आजीचा फोटो कुठल्या कागदावर छापायचा?

चिकलठाण्याहून बोलतेय. एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. "आजी गेली. तिचा एकच चांगला फोटो आहे, मोबाइलवर काढलेला. ब्लॅक अँड व्हाइट करून भिंतीवर लावायचाय. कागद कोणता घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण हार घातलेले जुने फोटो आठवा. कितीतरी पिवळे नाहीतर निळसर पडलेत. म्हणून आज नीट बघू.

पहिली गोष्ट. आपल्या नेहमीच्या फोटो प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोतलं सगळ्यात उजळ पांढरं म्हणजे कोरा कागद. आजीचे केस, तिचं पांढरं लुगडं, हे कागदच दाखवणार. त्यामुळे कागदाचा पांढरा रंग आधी तपासा.

कसा? नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, यूव्हीचा, तो अंधारात कागदावर धरा. कागद निळा-पांढरा चमकला, तर त्यात ब्राइटनर आहे. दुकानात तो झकास पांढरा दिसतो, पण काही वर्षांनी ब्राइटनरचा जोर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. जपून ठेवायच्या फोटोला ब्राइटनर नसलेला, आम्लरहित, शंभर टक्के कॉटनचा कागद बरा. तो किंचित दुधाळ असतो, आणि चेहऱ्याला ते शोभतं.

दुसरी गोष्ट, काळा रंग. मॅट कागद शाई थोडी आत ओढतो, म्हणून काळं मऊ दिसतं. बरायटा कागदावर बेरियम सल्फेटचा थर असतो, जुन्या डार्करूमच्या कागदासारखा. त्यावर काळं खोल उतरतं. काळेपणा मोजायच्या यंत्रावर चांगला मॅट १.६ च्या आसपास येतो, बरायटा २ च्या वर जातो. पावसात भिजलेला एमआयडीसीचा रस्ता, रात्रीचे दिवे, असा फोटो असेल तर बरायटा घ्या. खिडकीच्या उजेडात बसलेली आजी, सुरकुत्या, सुती लुगडं, याला मॅट.

आता कुणीतरी म्हणेल, आपला कागजीपुरा इथं जवळच, दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवर. तिथला हातकागद का नको? कागद देखणा आहे, प्रश्नच नाही. पण इंकजेटसाठी लागणारा लेप साध्या हातकागदावर नसतो. शाई तंतूंत पसरते, काळ्याचा राखाडी होतो, आणि सुटे तंतू प्रिंटरच्या हेडमध्ये अडकू शकतात. त्यावर हातानं पत्र लिहा, फोटो नको.

प्रिंट बाहेरून काढून घेणार असाल तर तीन प्रश्न विचारा. शाई पिगमेंटची आहे का? काळ्याबरोबर राखाडी शाया आहेत का? याच कागदाचं आयसीसी प्रोफाइल आहे का? राखाडी शाया नसतील तर चेहऱ्यावर हिरवट किंवा जांभळट झाक येऊ शकते.

मोठी प्रिंट काढण्याआधी दोन कागदांवर छोटे तुकडे छापून घ्या. एक दिवस वाळू द्या. मग जिथं फोटो लागणार त्याच भिंतीवर धरून सकाळी बघा आणि रात्री ट्यूबलाइटमध्येही बघा. केसांची बट आणि पदराची घडी वेगळी दिसतेय का, एवढंच तपासा. कॉटन कागद छापण्याआधी मऊ ब्रशनं झटकायला सांगा. सुटा कण नंतर पडला की नेमका काळ्या भागात पांढरा ठिपका राहतो.

फ्रेम करताना काच फोटोला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट ठेवा. पावसाळ्यात ओल आली की प्रिंट काचेला धरते. हळदीकुंकू, हार सगळं काचेवर. आणि ऊन थेट येतं ती भिंत टाळा.

तर माझं उत्तर: कॉटन, मॅट, ब्राइटनर नसलेला, ३०० जीएसएमच्या आसपास. आणि फ्रेममध्ये घालण्याआधी मागच्या कडेला पेन्सिलीनं आजीचं नाव, गाव आणि साल लिहा. पन्नास वर्षांनी ती भिंतीवरून उतरवणाऱ्याला कळायला हवं ना, ही कोण होती!

भेटू पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा.