कुलूप बदलण्याचा अधिकार कोणाचा?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. यातली कायद्याची माहिती न्यू जर्सी राज्यापुरती आहे. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत.)



आपल्या बैठकांत जातिव्यवस्था, अंधश्रद्धा, धरणग्रस्तांचे प्रश्न असे विषय नेहमी होतात. त्या मानानं आजचा विषय अगदीच घरगुती वाटेल. भाड्याचं घर, घरमालक, कुलूप आणि किल्ली. पण आपण इथे आलो ते बहुतेक सगळे भाडेकरू म्हणून आलो, आणि आजही आपली नवी मुलं जर्सी सिटीत, एडिसनला भाड्याच्याच घरात उतरतात. हक्कांविषयी तावातावानं बोलणारे आपण स्वतःच्या घराच्या दारात उभे राहिल्यावर मात्र गप्प बसतो. म्हणून हा विषय.

समजा, एक तरुण जोडपं आहे. दोघं नोकरी करणारे, एच-वनवर. दोन-तीन कुटुंबांच्या घरात वरचा मजला भाड्यानं घेतलेला. घरमालक आपल्याकडचाच. ‘आपल्याच माणसात लीज कसली?’ असं म्हणून कागद केलेला नाही, भाडं रोख, पावती नाही. वर्षभरानं मालकाला जास्त भाडं देणारा कोणी भेटतो आणि फोन येतो, ‘येत्या रविवारपर्यंत घर खाली करा.’ नाही केलं तर ऐन थंडीत हीटर बंद पडतो. मग एका संध्याकाळी किल्ली लागत नाही, आणि सामान पोर्चमध्ये पडलेलं असतं.

आता हे जोडपं काय करेल? माझा अंदाज असा की सामान गाडीत भरेल, मित्राकडे जाईल आणि महिन्याभरात दुसरं घर शोधेल. डिपॉझिटवरही पाणी सोडेल. का? एक तर लाज वाटते. चार लोकांत, त्यातून आपल्याच लोकांत, बभ्रा नको. दुसरं, व्हिसाची भीती. पोलीस आणि कोर्ट हे शब्द ऐकले की ग्रीन कार्ड डोळ्यांसमोर येतं. आणि तिसरं म्हणजे मनात खोलवर बसलेली एक समजूत: घर त्याचं आहे, तो जा म्हणाला तर जायला हवं.

ही समजूत चुकीची आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे. घर मालकाचं असतं, पण भाड्यानं दिल्यावर त्यात राहण्याचा हक्क भाडेकरूचा असतो. मालक ‘जा’ म्हणू शकतो, नोटीस देऊ शकतो, दावा लावू शकतो. घराबाहेर काढू शकतं ते फक्त न्यायालय, आणि तेही आपल्या अधिकाऱ्यामार्फत.

न्यू जर्सीत १९७४ साली एक कायदा झाला. या राज्याआधी देशात दुसऱ्या कुठल्याही राज्यानं असा कायदा केला नव्हता. घर खाली करून घ्यायला सबळ कारण लागतं, आणि ती कारणं कोणती याची यादीच कायद्यात आहे: भाडं न देणं, मालमत्तेची नासधूस, शेजाऱ्यांना सतत उपद्रव वगैरे. ‘लीज संपली’ हे त्या यादीत नाही. ‘घर विकलं’ एवढंच कारणही चालत नाही. तीन किंवा कमी घरांच्या इमारतीत मालकाला किंवा विकत घेणाऱ्याला स्वतः राहायचं असेल तर ते कारण होऊ शकतं, पण त्याला दोन महिन्यांची नोटीस लागते आणि लीज चालू असेल तर ती संपावी लागते. इमारतीचं कॉन्डोमिनियम करायचं असेल तर तीन वर्षांची नोटीस!

या कायद्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो नेमका आपल्या लोकांना लागू पडतो. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्यानं दिलेली घरं दोनपेक्षा जास्त नसतील, तर सबळ कारणाची अट नाही. मघाच्या जोडप्याचा मालक खालच्या मजल्यावर राहत असेल तर ते याच अपवादात येतात. महिन्या-महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याला महिन्याची नोटीस देऊन तो दावा लावू शकतो. पण नीट लक्षात घ्या: सवलत फक्त कारणापुरती आहे. नोटीस आणि न्यायालय त्यालाही चुकत नाही. तोंडी करार हाही करारच असतो. रविवारपर्यंतची मुदत देऊन कुलूप बदलण्याचा अधिकार कुठल्याच मालकाला नाही.

न्यायालयाचा रस्ता कसा असतो तेही सांगतो, कारण समन्स हातात पडलं की अनेकांना वाटतं, संपलं सगळं. दावा काउंटीच्या सुपीरियर कोर्टात, स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये लागतो. तारखेला हजर राहणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गैरहजर राहिलात तर निकाल एकतर्फी जातो. इंग्रजी नीट येत नसेल, विशेषतः भारतातून आलेल्या आईवडिलांना, तर दुभाषा मागता येतो, त्याचे पैसे पडत नाहीत. निकाल मालकाच्या बाजूनं लागला तरी त्याच दिवशी कोणी रस्त्यावर येत नाही. कामकाजाचे तीन दिवस गेल्यावर वॉरंट निघतं, ते बजावल्यावर आणखी तीन दिवस मिळतात, आणि मग कोर्टाचा अधिकारी येतो, मालक नव्हे. दावा फक्त थकलेल्या भाड्याचा असेल तर अधिकाऱ्यानं कुलूप लावल्यानंतरही कामकाजाच्या तीन दिवसांत सगळी थकबाकी भरल्यास मालकाला ती घ्यावी लागते. ही सोय २०२० पासून आहे. पुढचं भाडं भरत राहण्याची तयारी असेल तर अडचण लक्षात घेऊन न्यायाधीश सहा महिन्यांपर्यंत स्थगितीही देऊ शकतात.

आता ती संध्याकाळ, जेव्हा किल्ली लागत नाही. दार फोडू नका, मालकाशी हातघाईवर येऊ नका. पोलिसांना बोलवा आणि आपल्याला बेकायदा घराबाहेर काढलं आहे, कोर्टाचं वॉरंट नाही, असं स्पष्ट सांगा. न्यू जर्सीच्या फौजदारी संहितेचं कलम २सी:३३-११.१ लिहून जवळ ठेवा. पोलिसांनी समज दिल्यावरही जो मालक भाडेकरूला आत घेत नाही तो गुन्हा करतो. सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ‘हा तुमचा आपसातला मामला आहे’ असं एखादा पोलीस म्हणेलही. तेव्हा सौम्य शब्दांत त्याच्या वरिष्ठाला बोलवायला सांगा. राहण्याचा पुरावा हाताशी हवा: पत्ता असलेलं लायसन्स, विजेचं बिल, त्या पत्त्यावर आलेली टपालं. एवढं करूनही दार उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात तातडीचा अर्ज करता येतो आणि नुकसानभरपाईही मागता येते. भाड्यापोटी तुमचं सामान अडकवून ठेवण्याचाही अधिकार मालकाला नाही.

व्हिसाचं काय? हा दिवाणी मामला आहे. मालकानं तुम्हाला किंवा तुम्ही मालकाला कोर्टात नेलं, एवढ्यानं कोणाचा एच-वन जात नाही. ‘इमिग्रेशनला कळवीन’ ही धमकी तुम्ही घाबरावं म्हणून दिलेली असते. ती लेखी आली असेल तर जपून ठेवा, पुढे पुरावा म्हणून कामाला येईल.

मात्र एक गोष्ट लपवून ठेवणं योग्य नाही. मालकानं दावा लावला की त्याची नोंद राहते, आणि पुढचं घर भाड्यानं घेताना ती समोर येऊ शकते. म्हणून रागाच्या भरात भाडं थांबवू नका. भाडं थकलं की मालकाच्या हाती सगळ्यात सोपं कारण आपणच देतो. भाडं चेकनं द्या. हीटर बंद, पाणी गळतं, अशा तक्रारी लेखी करा, शहराच्या निरीक्षकाला कळवा. तक्रार केली म्हणून सूड उगवण्यासाठी घराबाहेर काढायलाही कायद्यानं बंदी आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सी ही संस्था मोफत मदत करते.

हे हक्क कोणी आपणहून दिलेले नाहीत. १९६९ साली या राज्यातल्या भाडेकरूंनी आपली संघटना बांधली, भाडेबंद केले, निवडणुकांत उमेदवारांना जाब विचारला, तेव्हा कुठे १९७४चा कायदा आला. मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल १९८५ साली लागला. त्यात झोपड्या हटवायला सर्वोच्च न्यायालयानं मनाई केली नाही, पण पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका असं बजावलं, आणि नोटीस व म्हणणं मांडण्याची संधी हा नियम आहे असं सांगितलं. जिथे फुटपाथवरच्या माणसाचंही आधी ऐकून घ्यायचं, तिथे पगारदार इंजिनियरनं स्वतःचं म्हणणं न मांडताच सामान बांधावं का?

आता नाण्याची दुसरी बाजू. या खोलीत बसलेल्यांपैकी बरेचजण घरमालकही आहेत. कोणाचं इथे एखादं घर आहे, कोणाचा पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट. तिथला भाडेकरू मुदत संपूनही जात नाही म्हणून भावाला फोन करून ‘वीज तोडून टाक, कुलूप बदल’ असं सांगण्याचा मोह होतो. महाराष्ट्राच्या १९९९च्या भाडेनियंत्रण कायद्यातही वीज-पाणी असं तोडायला मनाई आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट आकार द्यावा लागतो. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकाचीच. इथे भाडेकरू म्हणून जो न्याय मागायचा, तो तिथे मालक म्हणून द्यायलाही हवा. नाहीतर आपलं पुरोगामीपण फक्त सोयीपुरतं उरतं.

मंचाला दोन सूचना करून थांबतो. एक, नव्यानं येणाऱ्यांसाठी मराठीत एक पानाचं माहितीपत्रक काढूया: लीज लेखी घ्या, पावती घ्या, वॉरंटशिवाय घर सोडू नका. दुसरी, चार-पाच जणांची अशी यादी करूया की कोणाला कोर्टाची तारीख आली तर त्यांच्यापैकी एकजण रजा टाकून सोबत जाईल. वकिली करायची नाही, नुसतं शेजारी बसायचं. पहिल्यांदा कोर्टात जाणाऱ्याला त्याचा फार आधार वाटतो. जो भाडेकरू निमूट निघून जातो, तो पुढच्या भाडेकरूचं काम अवघड करून जातो, कारण मालकाला कळतं की इथे हे चालतं. ते चालत नाही, हे कोणीतरी दाखवून द्यावं लागतं.

आता आपले प्रश्न आणि अनुभव ऐकायला आवडतील.