हृदयाची लय आणि प्रकाशचिकित्सा

(निंबोला येथे मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



अंगठ्याच्या मुळाशी उडणारी नाडी ही जीवाची साक्षीदार होय, असे शार्ङ्गधरसंहितेचे मत आहे. कोणती नाडी सर्पाप्रमाणे चालते, कोणती बेडकाप्रमाणे, कोणती हंसाप्रमाणे, हे सांगून त्या ग्रंथाने वैद्याच्या बोटांना जणू एक भाषाच दिली. चरक-सुश्रुतांत नाडीपरीक्षेचे असे विवरण आढळत नाही. आजचे वैद्यक तीच चाल विजेच्या आलेखावर वाचते. मिनिटाला सुमारे ७२, म्हणजे दिवसाकाठी लाखभर ठोके. आणि प्रत्येक ठोक्याची ठिणगी हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातील एका इवल्याशा केंद्रातून निघते.

परंतु कधी कधी खालचे कप्पे, ज्यांना जवनिका म्हणतात, ही आज्ञा झुगारून आपल्याच वेगाने धावू लागतात. मग हृदय नुसते फडफडते, रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. यावर औषधे आहेत. बिघडलेली जागा तारेने जाळून टाकण्याची क्रिया आहे. छातीत बसवावयाचे, झटका देऊन लय पूर्ववत् करणारे यंत्रही आहे. असे यंत्र मनुष्यदेहात प्रथम १९८० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे बसविले गेले. इतके असूनही काही रोगी या सर्व उपायांना दाद देत नाहीत. चोवीस तासांत तीन वा अधिक वेळा असा झटका आला की वैद्य त्यास विद्युत्-वादळ म्हणतात. रोगी शुद्धीवर असतानाच यंत्र धक्का देते. धक्क्याने भय उपजते, भयाने मज्जातंतू खवळतात आणि खवळलेल्या मज्जातंतूंमुळे लय पुन्हा बिघडते. या चक्रात सापडलेल्या माणसाला धीराचे शब्द सांगून काय होणार? त्याचे चक्रच कोठेतरी तोडावे लागते.

ज्या मज्जातंतूंमुळे हे घडते त्यांना मराठी परिभाषेत ‘अनुकंपी’ असे नाव आहे. संस्कृतज्ञाला हे नाव थोडे चमत्कारिक वाटेल. कारण अनुकंपा म्हणजे दया, आणि दुखावलेल्या हृदयावर हे तंतू तिळमात्र दया करीत नाहीत. मात्र ‘अनु’ आणि ‘कंप्’, म्हणजे दुसऱ्याबरोबर थरथरणे, हा मूळ अर्थ घेतला तर नाव यथार्थ ठरते. मन थरारले की हृदय थरारते, ते याच वाटेने.

ही वाट देहात खोल दडलेली आहे. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून नगरात आणले गेले. वरून चालणाऱ्यास तो प्रवाह दिसत नाही. पण जेथे कुंडी आहे तेथे त्याला हात घालता येतो. तद्वतच मानेच्या मुळाशी चांदणीच्या आकाराची मज्जातंतूंची एक गाठ आहे. डाव्या बाजूच्या या गाठीतून जवनिकांना चेतविणाऱ्या संदेशांचा मोठा भाग जातो.

१९१६ साली रुमानियात बुखारेस्ट येथे जोनेस्को या शल्यविशारदाने ही गाठ काढून हृदयशूल व लयबिघाड या दोहोंनी पीडित असलेल्या रोग्यास आराम दिला. १९७१ साली अमेरिकेतील मॉस व मॅक्डोनाल्ड यांनी हीच शस्त्रक्रिया हृदयाच्या एका आनुवंशिक विकारावर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध केले. पुढे सुईने औषध सोडून गाठ तात्पुरती बधिर करण्याची रीतही वापरात आली. पण तेथे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व फुप्फुसाचे टोक अगदी जवळ असते. शिवाय अशा रोग्यांना बहुधा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात.

म्हणून टोकियोच्या निप्पॉन वैद्यकीय विद्यालयातील वैद्यांनी सुईऐवजी प्रकाश योजिला. डोळ्यांना न दिसणारे अवरक्त लेसर किरण मानेच्या त्वचेवरूनच काही मिनिटे त्या गाठीवर सोडावयाचे, आणि असे पुनःपुन्हा करावयाचे. औषधांना न जुमानणाऱ्या रोग्यांवरील हा अनुभव त्यांनी २०२१ साली जगापुढे मांडला. चीनमध्ये वुहानच्या संशोधकांनी त्याआधी, २०१७ साली, कुत्र्यांवर निराळाच प्रयोग केला होता: त्या गाठीतील पेशींत प्रकाशाने शांत होणारे प्रथिन रुजवून मग तीवर प्रकाश टाकला. तो अद्याप मनुष्याच्या उपयोगाचा नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रकाश म्हणताच भाविकांच्या मनात सूर्योपासना उभी राहते. परंतु हे किरण म्हणजे सकाळचे ऊन नव्हे, की बाजारात मिळणारा दिवाही नव्हे. ज्यांच्यावर ही चिकित्सा झाली त्यांची संख्या अजून अल्प आहे, आणि ती रुग्णालयात, अन्य उपचारांच्या जोडीनेच दिली जाते. तिच्या भरवशावर कोणी गोळ्या सोडणे म्हणजे जीवावर उदार होणे होय.

वर ज्या आनुवंशिक विकाराचा उल्लेख आला त्यात दिसावयास धडधाकट असलेले मूल भीतीने, मोठ्या आवाजाने किंवा धावताना एकाएकी बेशुद्ध पडते. घरचे लोक त्यास मिरगी म्हणतात, बाधा म्हणतात. साध्या हृदयालेखावर या विकाराची खूण बहुधा दिसते, आणि नित्य घ्यावयाच्या गोळ्यांनी पुष्कळांचे रक्षण होते. अशा मुलीला मठात आणण्यापूर्वी बऱ्हाणपूरच्या जिल्हा रुग्णालयात नेऊन तिचा हृदयालेख काढून घ्यावा; अंगारा त्यानंतरही लावता येतो.