चित्रातले युद्ध आणि युद्धातले सत्य

(व्याख्यानाचा संपादित अंश)



१८९४-९५ चे चीन-जपान युद्ध सुरू असताना टोकियोतील चित्रविक्रेत्यांच्या दुकानांपुढे गर्दी लोटत असे. दैनिकांतून छायाचित्रे छापण्याचे तंत्र तेथे अद्याप रुळले नव्हते. घरचा मुलगा ज्या रणांगणावर गेला, ते रणांगण लोकांना पाहावयाचे होते. ही ओढ लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांनी भागविली. चित्रकाराने रेखाटायचे, कारागिराने ते चेरीच्या लाकडावर कोरायचे, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र ठसा करायचा आणि छपाईकाराने तो हाताने कागदावर उतरवायचा. असे तीन कागद शेजारी मांडले की विस्तीर्ण रणभूमी साकार होई.

कोबायाशी कियोचिका, मिझुनो तोशिकाता, ओगाता गेक्को हे यातील अग्रगण्य चित्रकार. काळोखाला चिरणारा तोफेचा लोळ आणि मंचुरियाच्या बर्फातील पहारा पाहून आजही मन थरारते. पूर्वीच्या चित्रांचा नायक सामुराई असे. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि सामान्य घरातील शिपाई त्या जागी आला. प्योंगयांगच्या तटावर चढून वेशीचे दार आतून उघडणारा हाराडा जूकिची हा साधा सैनिक या चित्रांनी घरोघरी पोहोचविला. सामान्य माणसात राष्ट्र पाहण्याची ही दृष्टी निःसंशय मोठी होती.

परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. बहुतेक चित्रकार आघाडीवर गेलेच नव्हते. वर्तमानपत्रांतील बातम्या आणि कल्पनाशक्ती हाच त्यांचा आधार. जपानी सैनिक ताठ, शिस्तबद्ध. चिनी सैनिक मात्र पळपुटा, हास्यास्पद. ज्या चीनकडून जपानने लिपी घेतली, त्याचीच ही विटंबना! नोव्हेंबर १८९४ मध्ये पोर्ट आर्थर जिंकल्यावर जपानी सैन्याने निःशस्त्र नागरिकांची कत्तल केली. परदेशी वार्ताहरांनी ती जगापुढे मांडली. विजयचित्रांत मात्र तिला स्थान मिळाले नाही.

१९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात छायाचित्रांनी या कलेला मागे सारले. त्या वेळी जपानच्या विजयाने पारतंत्र्यातील हिंदुस्थानातही आशा जागविली होती. ती आशा खोटी नव्हती. पण पुढे याच जपानच्या सैन्याने १९३७ मध्ये नानकिंगमध्ये जे केले, त्याचाही इतिहासाला विसर पडलेला नाही.

मी पत्रकार आहे. म्हणून एवढेच सांगतो. आपल्या वीरांचे चित्र अवश्य रंगवावे, अभिमानाने रंगवावे. मात्र त्यासाठी शत्रूचे माणूसपण पुसू नये आणि आपल्या हातून घडलेले चौकटीबाहेर ठेवू नये. खऱ्या शौर्याला असत्याचा टेकू लागत नाही.