बुटकी मोटार आणि स्प्रिंगांचें गणित



हल्लीं शहरांतून हिंडतांना मधूनच एखादी अशी मोटार दृष्टीस पडते कीं, तिचें पोट रस्त्याला टेकलें आहे कीं काय अशी शंका यावी. चाकांचा वरचा भाग मडगार्डाच्या आड लपलेला असतो, आणि गतिरोधक आला कीं तीच डौलदार गाडी तिरपी होऊन एकेक चाक जपून वर चढविते. तें पाहून वयस्क मंडळी हंसतात आणि तरुण मंडळी कौतुकानें मान वळवितात. माझ्या मतें हंसण्याचीही घाई नको आणि कौतुकाचीही नको. गाडी खालीं उतरविणें शहाणपणाचें कीं अविचाराचें, हें नुसत्या डोळ्यांनीं ठरत नाहीं. तें फूटपट्टी, वजनकांटा आणि थोडें त्रैराशिक यांनीं ठरतें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालें आणि पुढें सारा जन्म शाळेंत गणित व शास्त्र शिकविण्यांत गेला. परंतु आजच्या विषयाला त्याहून अधिक गणित लागत नाहीं. यंत्राचा परिचय मला झाला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या गॅरेजांत बाकावर बसून.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. मोटारीचें ओझें स्प्रिंगा पेलतात, आणि त्या स्प्रिंगांचें नाचणें आवरण्याचें काम शॉकअब्सॉर्बर करतो. गॅरेजांत त्यालाच शॉकअप म्हणतात. त्याच्या नळींत तेल असतें; दट्ट्या हालला कीं तें बारीक छिद्रांतून जातें आणि हालचालीची शक्ति उष्णतेच्या रूपानें खर्ची पडते. शॉकअपच्या भोंवतींच स्प्रिंग बसविली कीं त्या जोडीस कॉइलओव्हर असें म्हणतात. वस्तुतः बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांस मुळांतच अशी जोडी असते. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याच्या नांवानें ती रचना ओळखली जाते, आणि फोर्ड कंपनीच्या १९५० सालच्या कॉन्सल गाडीपासून ती सर्वत्र पसरत गेली. मग बाजारांत विकत मिळणाऱ्या कॉइलओव्हरमध्यें नवें काय? नवें एवढेंच कीं त्याच्या नळीवर आटे पाडलेले असतात. स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवरून वरखालीं फिरवितां येते, आणि त्यामुळें गाडीची उंची बदलतां येते.

आपल्या चाकणच्या कारखान्यांत २०२२ पर्यंत तयार होत असलेली फोक्सवॅगन पोलो ही गाडी उदाहरणादाखल घेऊं, कारण खालीं उतरविलेल्या गाड्यांत ती पुष्कळदां दिसते. तिच्या पुढच्या बाजूस मॅकफर्सनची जोडी आहे. परंतु मागें स्प्रिंग निराळी आणि शॉकअप निराळा आहे. म्हणून तिच्यासाठीं घेतलेल्या संचांत मागची खरी जोडी नसतेच; स्प्रिंगखालीं उंची बदलणारी एक आट्यांची बैठक तेवढी असते. यांत फसवणूक नाहीं, परंतु पैसे मोजण्यापूर्वीं गिऱ्हाइकास हें ठाऊक असावें.

आतां गाडी खालीं आणून लाभ कोणता? वळणावर गाडीचें वजन आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतें, आणि किती सरकेल हें गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतें. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर आहे असें धरलें आणि गाडी ३ सेंटिमीटर उतरविली, तर हें सरकणें शेंकडा साडेपांचच्या सुमारास कमी होईल. लाभ खरा आहे, पण मर्यादित आहे. शिवाय मॅकफर्सनच्या रचनेंत एक गोम आहे. गाडीचें अंग ज्या काल्पनिक बिंदूभोंवतीं कलतें, तो बिंदु चाकाच्या खालच्या बाहूच्या उतारावर अवलंबून असतो. गाडी उतरविली कीं तो बिंदु गुरुत्वमध्याहूनही वेगानें खालीं जातो; दोहोंमधलें अंतर वाढतें, आणि तरफेचा हात लांबल्यामुळें गाडी कमी कलण्याऐवजीं अधिक कलूं पाहते. तेव्हां खूण ध्यानांत ठेवावी: खालचा बाहु चाकाकडे चढता दिसूं लागला, म्हणजे आपण मर्यादा ओलांडली.

पुढची गोष्ट स्प्रिंगच्या ताठपणाची. रॉबर्ट हूक यानें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आपण सर्व शाळेंत शिकलों आहों: जितका भार, तितकें स्प्रिंगचें दबणें. एक मिलिमीटर दाबण्यास २ किलो भार लागत असेल, तर ती स्प्रिंग २ किलोची असें कारागीर म्हणतात. एका चाकावर ३०० किलो वजन आहे असें धरूं. २ किलोची स्प्रिंग त्याखालीं १५ सेंटिमीटर दबेल. या दबण्याचें वर्गमूळ काढून त्यानें ५ ला भागलें, म्हणजे गाडी एका सेकंदांत किती वेळां वरखालीं डुलेल तें जवळजवळ बरोबर मिळतें. येथें उत्तर १.३ येतें, ही घरगुती गाडीची सुखावह चाल होय. स्प्रिंग ६ किलोची घेतली तर दबणें ५ सेंटिमीटर आणि डुलणें सेकंदास २.२ वेळां. शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर हें चालेल. परंतु मागच्या आसनावर आई बसली असेल, तर तिची पाठ या गणिताचा ताळा लगेच सांगेल.

मग मूळचीच मऊ स्प्रिंग ठेवून गाडी नुसती उतरवावी, असें कोणी म्हणेल. तेंही चालणार नाहीं. समजा, खड्ड्याचा धक्का घेण्यासाठीं चाकाला वर जाण्यास ८० मिलिमीटर जागा होती. २ किलोची स्प्रिंग तेवढ्या अंतरांत १६० किलोंचा जादा भार झेलीत होती. गाडी ३० मिलिमीटर उतरविली कीं जागा ५० मिलिमीटर उरली, आणि तीच स्प्रिंग आतां १०० किलोंच झेलील. उरलेले ६० किलो कोठें जातील? ते रबराच्या ठोकळ्यावर आदळतील आणि तेथून गाडीच्या सांगाड्यांत शिरतील. पूर्वींचे १६० किलो ५० मिलिमीटरांत झेलावयाचे तर स्प्रिंग ३.२ किलोची पाहिजे. म्हणजे उंची आणि ताठपणा हे एकाच तराजूचे दोन पारडे आहेत. एकाला हात लावला कीं दुसरें हालतेंच. स्प्रिंगचीं वेटोळीं कापून गाडी खालीं आणण्याची रीत तर सर्वथैव त्याज्य होय. कापलेली स्प्रिंग आखूड पडते, आणि चाक खड्ड्यांत लोंबलें कीं ती आपल्या बैठकींतून निसटूं शकते. माझ्या विद्यार्थ्याकडे एक गृहस्थ हेंच काम घेऊन आले होते. त्या महिन्यांत गॅरेजचें भाडें थकलें होतें, तरी त्यानें तें काम नाकारलें. ते गृहस्थ रागावून निघून गेले. मीं त्याला शाळेंत पुष्कळ वेळां शाबासकी दिली असेल. पण त्या दिवशीं मनांतल्या मनांत दिली ती सर्वांत मोठी.

संच निवडतांना आणखी चार गोष्टी पाहाव्या. पहिली, शॉकअप त्याच स्प्रिंगच्या ताठपणाला जुळणारा आहे कीं नाहीं. दुसरी, उंची कशी बदलते. कांहीं संचांत केवळ स्प्रिंगची बैठक सरकते. कांहींत नळीचा खालचा भागच आट्यांवर फिरतो, आणि मग उंची बदलली तरी दट्ट्याची धांव कमी होत नाहीं. दुसरा प्रकार महाग, पण गाडी पुष्कळ उतरवावयाची असेल तर तोच योग्य. तिसरी, आपल्याकडील पावसाळा. कोंकणच्या दमट खाऱ्या हवेंत आटे गंजून चकत्या जाम होतात. म्हणून धातु, लेप आणि धुळीपासून रक्षण करणारें आवरण हीं पाहून घ्यावींत. चौथी, तो उघडून दुरुस्त करतां येतो काय आणि सुटे भाग मिळतात काय. शॉकअपच्या डोक्यावरील बटणाला किती टप्पे आहेत याला मात्र भुलूं नये. तीस टप्प्यांपैकीं पंचवीसांत फरकच जाणवत नसेल, तर ते टप्पे शोभेचे होत.

पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचे आंकडे जसेच्या तसे ताडून पाहूं नयेत, हीही सूचना येथेंच करतों. चाक १० मिलिमीटर चढलें असतां स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर चाकाशीं जाणवणारा ताठपणा ०.७ च्या वर्गाइतका, म्हणजे निम्म्याहूनही किंचित् कमी असतो.

आतां बसविल्यानंतरची जुळवणी. टायरांत योग्य हवा भरून गाडी सपाट जागेवर उभी करावी. टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या जागीं त्याच्या वजनाची पोतीं ठेवावीं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचें अंतर चारही ठिकाणीं मोजून वहींत लिहावें. मग गाडी घोड्यांवर घेऊन चकत्या फिरवाव्या, खालीं उतरवावी, थोडी पुढेंमागें ढकलावी, आणि पुन्हा मोजावें. गाडी नुसती जॅकवरून उतरविली असतां चाकें आंत ओढलेलीं राहतात आणि माप खोटें येतें. रबरी बुश असलेले बोल्ट गाडीचें वजन चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळावे. एरवीं तें रबर कायमचें पिळलेलें राहून लौकर फाटतें. ब्रेकची नळी कोठें ताणली जात नाहीं ना, सुकाणू पूर्ण वळविलें असतां टायर कोठें घासत नाहीं ना, हेंही पाहावें. उंची ठरली कीं चाकांचें अलाइनमेंट करून घेतलेंच पाहिजे, कारण गाडी उतरली कीं चाकांचा कल व दिशा दोन्ही बदलतात. न केल्यास टायरांची आंतली कड थोडक्या दिवसांत झिजून जाते. पुढच्या दिव्यांचा झोतही पुन्हा लावावा. पहिल्या कांहींशें किलोमीटरांनंतर सर्व बोल्ट आणि चकत्या तपासाव्या.

येथें एक गैरसमज दूर करतों. बैठक वर फिरवून स्प्रिंग आवळली कीं ती ताठ होते, असें पुष्कळांना वाटतें. ३ किलोची स्प्रिंग २० मिलिमीटर आवळली, तर पहिल्या ६० किलोंपर्यंत ती हालणार नाहीं. परंतु तिच्यावर ३०० किलो आहेतच. उरलेल्या २४० किलोंनीं ती आणखी ८० मिलिमीटर दबेल, आणि पुढचा प्रत्येक मिलिमीटर ३ किलोंचाच राहील. बदलते ती उंची आणि धांवेची विभागणी, ताठपणा नव्हे.

शॉकअपचें बटण पूर्ण कडक टोंकापासून मोजीत मध्यावर आणावें व तेथून आरंभ करावा. एका वेळीं एकच बदल करावा, आंसाच्या दोन्ही बाजूंस सारखाच करावा, आणि त्याच ओळखीच्या रस्त्यावरून गाडी नेऊन वहींत नोंद करावी. उंचवट्यानंतर गाडी पुनःपुन्हा डुलत राहिली, तर आवर कमी आहे. ओळीनें आलेल्या खड्ड्यांवर ती खालीं खालीं बसत चालली, तर आवर जास्त आहे: चाकाला परत खालीं येण्यास अवधि मिळेनासा झाला आहे.

शेवटीं रस्ता आणि कायदा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्याचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा असतो. पोलोच्या दोन आंसांमधलें अंतर सुमारें २.४६ मीटर आहे. वर्तुळाच्या रीतीनें हिशेब केला, तर अशा गतिरोधकाचा माथा दोन चाकांच्या मधोमध साडेचार सेंटिमीटरच वर येतो. मूळची मोकळीक सुमारें साडेसोळा सेंटिमीटर. तीन गेले तरी साडेतेरा उरतात. म्हणजे मापांत बांधलेला गतिरोधक बुटक्या गाडीचा शत्रु नव्हे. शत्रु आहे तो गल्लींत रातोरात घातलेला अरुंद व उंच बांध. त्याची सारी उंची एकदम गाडीच्या पोटाशीं येते, आणि त्या वेळीं गाडींत चार माणसें व सामान असेल तर मोकळीक आणखी घटलेली असते.

कायद्याची बाजू याहूनही गंभीर आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ बनावटींत फरक करण्यावर निर्बंध घालतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें त्याचा अर्थ कडकपणें लावला, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें मालकास प्रत्येक अनधिकृत बदलाबद्दल पांच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. विमा कंपनीस न कळवितां केलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊं शकतो, हें निराळेंच. म्हणून रस्त्यावरील गाडीच्या बाबतींत पहिली पायरी गॅरेजची नसून परिवहन कार्यालयाची आहे. ज्यांना वेगाची व वळणांची खरी हौस आहे, त्यांच्यासाठीं चेन्नईजवळ आणि कोइमतूर येथें शर्यतीचे बंदिस्त मार्ग आहेत. या यंत्राचें खरें घर तेंच.

तरुण श्रोत्यांना माझें सांगणें इतकेंच कीं, हौस करूं नका असें मी म्हणत नाहीं. परंतु चकतीला पाना लावण्यापूर्वीं एक वही, एक फूटपट्टी आणि परवानगीचा कागद जवळ असूं द्या. गाडी किती खालीं आणावी हें मित्रांना विचारूं नका; चाकाला वर जाण्यास किती जागा उरते तें मोजा, आणि तो आंकडा काय सांगतो तें ऐका.