वर्गणी आपली, पडदा कुणाचा?

(क्रांती चौकातल्या सभेत केलेलं भाषण)



ह्या चौकात आपण मोर्चे आणले, धरणी धरली. आज मी टीव्हीवर बोलायला उभा आहे. हसू नका.

परवा आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीचा टीव्ही बंद पडला. मोडला नव्हता, रिचार्ज संपला होता. नातू म्हणाला, आजी, पैसे संपले की बातम्या पण संपतात. म्हातारीनं डब्यावर फडकं टाकलं.

शहाणी माणसं म्हणतात, दूरदर्शन सरकारी पैशावर जगतं म्हणून सरकारचं गाणं गातं. लोकांकडून वर्गणी घ्या, ते लोकांचं होईल. यातलं निम्मं खरं आहे. पण ज्याच्याकडे वर्गणीच नाही, तो लोकांत धरायचा की नाही?

वर्गणी आपल्याला नवी नाही. 1920 साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं तर पैसे मोजूनही जाहिरात छापली नाही. 'मूकनायक' 1923ला मिटला. 1927चा 'बहिष्कृत भारत' 1929ला मिटला. ज्यांचा आवाज होता, त्यांचेच खिसे रिकामे होते. नुसत्या वर्गणीवर सोडलं की गरिबाचा आवाज पहिला मरतो.

रेडिओ-टीव्हीचं लायसन्सही एकेकाळी होतं. पोस्टात जाऊन पैसे भरायचे. 1980च्या दशकात ते गेलं. 1976पासून दूरदर्शनवर जाहिराती होत्याच. प्रसार भारतीचा कायदा 1990चा, अंमलात आला 1997ला. कागदावर स्वायत्त, पण पगार सरकारी तिजोरीतून. 1995ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, हवेतल्या लहरी जनतेच्या. लहरी जनतेच्या, तिजोरीची चावी मात्र मंत्रालयात!

मग म्हणतात, डीडी फ्री डिश फुकट आहे ना. आहे. डिश एकदा घ्यायची, महिन्याचं काही नाही. पण तिथल्या जागांचा लिलाव होतो. ज्या खाजगी वाहिन्यांकडे पैसा, त्या बोली लावून आत येतात. तो पैसा जाहिरातीतून, जाहिरातीचा खर्च साबणाच्या वडीतून. वर त्या वडीवर करही आपणच भरतो. म्हणजे बाबांनो, वर्गणी आपण आजही देतोय. फक्त पावती मिळत नाही आणि विचारत कुणी नाही.

ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घराघरातून लायसन्सचे पैसे घेतात. न भरणाऱ्यावर खटला होतो, आणि कोर्टात उभ्या राहतात त्यात बहुसंख्य बायका. गरिबाला आणि श्रीमंताला एकच दर लावला की तो न्याय दिसतो, असत नाही.

आता आपली जयंती बघा. कुणी दहा देतो, कुणी पाचशे, कुणाची चूल थंड असते त्याच्याकडे मागतच नाही. पण खीर सगळ्यांना सारखी. आणि शेवटी हिशेब फळ्यावर लिहावा लागतो, नाहीतर पोरं गचांडी धरतात.

टीव्हीचंही असंच पाहिजे. ऐपतीप्रमाणे पैसा घ्या, करातून घ्या. किती द्यायचा हे कायद्यानं ठरवा, मंत्र्याच्या मर्जीवर नको. पडद्याला कुलूप नको. हिशेब चव्हाट्यावर मांडा. आणि काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी वस्तीतल्या माणसाला खुर्ची द्या. नुसतं प्रेक्षक म्हणून बसायला आम्ही जन्मलो नाही.

त्या म्हातारीच्या डब्यावरचं फडकं काढायचंय. पण काढल्यावर आत तिचं तोंड दिसलं पाहिजे.

जय भीम.