सातवीचा वर्ग



इंग्रजी अध्यापकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही माझ्याकडे सोपवलंत, त्याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे. माझ्या नोकरीची उमेदीची सगळी वर्षं परदेशात गेली. परदेश म्हटला की आपल्याकडे इंग्लंड-अमेरिका डोळ्यांपुढे येतात. मी गेले ती इथिओपियात. बादशहा हैले सेलासींच्या राजवटीची अखेरची वर्षं तेव्हा चालू होती. बी.एड. झालेली, सांगलीकडच्या एका शाळेत थोडीफार उमेदवारी केलेली मुलगी मी, तिथल्या शिक्षण खात्याच्या करारावर गेले आणि लष्करी हुकूमशहा मेंगिस्तूंची सत्ता कोसळली त्या 1991 सालापर्यंत तिथंच शिकवत राहिले. आज जे बोलणार आहे ते त्या वर्गांतून आलेलं आहे, पण बोलणार आहे तुमच्याच वर्गांविषयी.

त्या काळी इथिओपियाच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात भारतीय शिक्षक असायचे. केरळची मंडळी सर्वांत जास्त. आम्ही मराठी बोलणारे मोजकेच. गणित, विज्ञान आणि इंग्रजी हे आमचे विषय. इथिओपिया कधी इंग्रजांची वसाहत नव्हता, मग तिथं इंग्रजी कशी, असं मला इथं अनेकांनी विचारलं आहे. 1936 ते 1941 ही पाच वर्षं इटलीनं तो देश बळकावला होता. त्याआधी शिकल्यासवरल्या लोकांची परदेशी भाषा होती मुख्यतः फ्रेंच. इटालियनांनी शिकलेली पिढीच वेचून मारली. 1941 मध्ये ब्रिटिश फौजांच्या मदतीनं बादशहा परतले, शाळा नव्यानं उभ्या करायच्या ठरल्या आणि त्या शाळांत इंग्रजी आली. त्या फौजांमध्ये चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन होती आणि एरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत आपल्या मराठा पलटणी लढल्या होत्या. म्हणजे ज्या वाटेनं इंग्रजी त्या देशात आली, ती मोकळी करणाऱ्यांत सातारा-कोल्हापूरकडची माणसं होती. हे मला तिथं गेल्यावर कळलं आणि माझ्या नोकरीकडे बघण्याची माझी नजरच बदलली.

माझी पहिली नेमणूक देस्सीला झाली. अदिस अबाबाच्या उत्तरेला सुमारे 400 किलोमीटर, डोंगरांच्या कुशीतलं थंड गाव, वोल्लो प्रांताची राजधानी. तेव्हाचा नियम असा होता की सहावीपर्यंत सगळं शिक्षण अम्हारिकमधून आणि सातवीपासून सगळे विषय इंग्रजीतून. इंग्रजी हा विषय मुलं आधी काही वर्षं शिकलेली असायची. पण सहावीची परीक्षा संपवून पावसाळ्याच्या सुट्टीवर गेलेलं मूल सप्टेंबरात परत आलं की त्याचा भूगोल, त्याचं विज्ञान, त्याचं गणित, सगळं एका दिवसात इंग्रजीत गेलेलं असायचं. कित्येक मुलांच्या घरी ओरोमो बोलत. त्यांनी अम्हारिकही शाळेतच कमावली होती. ती कुठं अंगवळणी पडते न पडते तोच ही तिसरी भाषा.

सातवीच्या वर्गात साठ-सत्तर मुलं, एकेका बाकावर चार-चार. सहावीत ही मुलं किती बोलतात ते मी व्हरांड्यातून ऐकलं होतं. सातवीत तीच मुलं गप्प. प्रश्न विचारला तर उभी राहायची, मान खाली घालायची. समजलं का, असं विचारलं की झटकन श्वास आत ओढल्याचा बारीक आवाज यायचा. तिकडे 'हो' म्हणायची ती रीत आहे. पूर्ण वर्गातून तो आवाज येई आणि वहीत मात्र काही नसे.

एकदा आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी बाष्पीभवनाच्या धड्यासाठी मला बोलावलं. तेही भारतीयच होते. फळ्यावर इंग्रजी व्याख्या लिहिलेली होती. मुलांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती आणि सगळ्यांना पाठ होती. मी एका मुलाला म्हटलं, घरी कॉफी कशी करतात ते सांग, तुझ्या भाषेत सांग. त्यानं शिक्षकांकडे भीतीनं पाहिलं, कारण वर्गात अम्हारिक बोलायला मनाई होती. शिक्षकांनी मान डोलावली, तसा तो सुरू झाला. हिरव्या बिया तव्यावर भाजण्यापासून जबेनात पाणी उकळेपर्यंत. जबेना म्हणजे लांब मानेचं काळ्या मातीचं कॉफीचं भांडं. त्याच्या तोंडातून वाफ कशी निघते, विस्तव जास्त झाला तर पाणी कसं आटतं, आजी वरून पाणी का घालते, थंडीत ती वाफ जास्त का दिसते, हे सगळं त्यानं सांगितलं. शेवटच्या प्रश्नावर तर दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं त्याच्याशी वाद घातला. बाष्पीभवन त्या वर्गाला उत्तम येत होतं. मग आम्ही दोघा शिक्षकांनी मिळून त्यातली चार वाक्यं इंग्रजीत करून घेतली. साधी, लहान, मुलांच्याच तोंडून निघालेली. व्याख्या सगळ्यांत शेवटी वाचली आणि तेव्हा ती मुलांना कळली.

त्या दिवसानंतर आम्ही दोघं दर आठवड्याला एकत्र बसू लागलो. पुढच्या आठवड्यात विज्ञानात काय शिकवणार, त्यासाठी कोणती क्रियापदं लागतील, कोणती वाक्यरचना लागेल, हे आधी ठरवायचं. 'वाढतं', 'कमी होतं', 'त्यामुळे', 'जर-तर' ही इंग्रजी मी माझ्या तासाला आधी घ्यायची, मग त्यांचा धडा. माझ्या पाठ्यपुस्तकातला राजकन्येचा धडा थोडा मागे पडायचा. मी तो मागे पडू दिला.

आपल्या क्षेत्रातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, 1961 साली युगांडात मकेरेरे इथं राष्ट्रकुल देशांची परिषद भरली होती. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी, याची दिशा तिथं ठरली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, ज्याची ती मातृभाषा तोच तिचा आदर्श शिक्षक, जितकी लवकर सुरुवात तितकी बरी, वर्गात दुसऱ्या भाषा आल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो, अशी ती धारणा. पुढे 1992 मध्ये रॉबर्ट फिलिप्सन यांनी आपल्या पुस्तकात या धारणा एकेक करून तपासल्या आणि त्या भ्रामक ठरवल्या. मी ते पुस्तक भारतात परतल्यावर वाचलं आणि वाचताना मला देस्सीचा सातवीचा वर्ग डोळ्यांपुढे दिसत होता. मकेरेरे आमच्या शेजारच्या टापूतलं. त्याची सावली आमच्या शाळांच्या प्रत्येक नियमावर होती. वर्गात अम्हारिक बोलल्यास शिक्षा, हा नियम कोणा दुष्ट माणसानं केलेला नव्हता. मुलांचं भलं व्हावं म्हणूनच तो केलेला होता, आणि त्यानं मुलांचं नुकसान केलं.

आदर्श शिक्षक कोण, याबद्दल मला आज ठामपणे बोलायचं आहे. 1962 पासून अमेरिकेचे पीस कोअरचे तरुण स्वयंसेवक इथिओपियात शिकवायला येत होते. शेकड्यांनी आले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांच्यातले कित्येक जण अम्हारिक मन लावून शिकले, मुलांत मिसळले, आणि त्यांच्या तोंडची इंग्रजी ऐकणं हा मुलांसाठी आनंद होता. तरीही संबंधी उपवाक्य शिकवायची वेळ आली की मुलं आमच्याकडे यायची. याचं कारण साधं आहे. अम्हारिकमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, मराठीसारखं. 'काल आलेला मुलगा' ही रचना तिथं जशीच्या तशी आहे. विशेषण होऊन बसलेली क्रिया नामाच्या आधी येते. इंग्रजीत तीच गोष्ट उलटी करून नामाच्या मागे न्यावी लागते. ते उलटं करताना डोक्यात काय होतं, कुठं गोंधळ उडतो, कोणता शब्द दोनदा येतो, हे मला ठाऊक होतं, कारण आठवी-नववीत ते माझ्याही डोक्यात झालं होतं. त्यांची लिपीही मला परकी वाटली नाही. तेहेतीस अक्षरं आणि प्रत्येकाची स्वरांनुसार सात रूपं. लहान मुलं ती तालावर म्हणत, आपल्या बाराखडीसारखी. जो शिक्षक ही वाट स्वतः चालून आला आहे त्याला खाचखळगे माहीत असतात. मातृभाषा इंग्रजी असणाऱ्याला ती वाट कधी चालावीच लागलेली नसते. हे बळ आपल्यापाशी आहे, आणि आपण ते उणीव म्हणून लपवत आलो आहोत.

मुलांचं जग माहीत असणंही त्याच बळातलं. तिथं दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दोन. वर्ष तेरा महिन्यांचं, आपल्या सनापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. एखाद्या मुलानं 'माय स्कूल बिगिन्स ॲट टू ओ'क्लॉक' असं लिहिलं, तर त्याचं इंग्रजी बिनचूक असतं आणि त्याची शाळाही खरोखर तेव्हाच भरते. ज्याला त्याचं घड्याळ माहीत नाही तो शिक्षक तिथं लाल रेघ मारेल.

देस्सीच्या माझ्या पहिल्याच काळात वोल्लोमध्ये दुष्काळ पडला. 1973 साल. उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला माणसं येऊन बसत आणि तिथंच मरत. महाराष्ट्रातही 1972 चा दुष्काळ नुकताच झालेला, घरची पत्रं त्याच बातम्यांची. पुढच्या वर्षी सप्टेंबरात बादशहांना गादीवरून उतरवलं. मग नव्या लष्करी सरकारनं अकरावी-बारावीची मुलं आणि विद्यापीठाचे विद्यार्थी खेड्यांत पाठवले, साक्षरता आणि जमीनसुधारणा सांगायला. शिक्षकांसह सुमारे 60,000 जण. आमचे वरचे वर्ग ओस पडले. 1977-78 मध्ये तर तरुणांना वेचून मारणं सुरू झालं, त्याला सत्ताधारी स्वतःच 'लाल दहशत' म्हणत. तिकडे आडनाव नसतं, स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव. त्यामुळे हजेरी नावानंच घ्यायची. काही नावांवर कोणी 'ॲबसेंट' म्हणायचं नाही. मी क्षणभर थांबून पुढचं नाव घ्यायची. ती नावं मला आजही क्रमानं पाठ आहेत. त्या दिवसांत इंग्रजी कशासाठी शिकायची याचं उत्तर मुलांनीच मला दिलं. रात्री ती दार लावून बीबीसी ऐकत आणि सकाळी एखादा न कळलेला शब्द कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून माझ्या टेबलावर ठेवत. मी अर्थ लिहून परत द्यायची. त्यांतली काही मुलं पुढे सुदानमार्गे देशाबाहेर पडली.

त्याच सरकारनं एक मोठं कामही केलं, ते सांगितलंच पाहिजे. 1979 मध्ये साक्षरता मोहीम सुरू झाली आणि ती टप्प्याटप्प्यानं पंधरा भाषांतून चालवली गेली. चाळिशी-पन्नाशीच्या बायका रात्री कंदिलाखाली आपल्याच भाषेत वाचायला शिकत होत्या आणि भराभर शिकत होत्या. दिवसा त्यांचीच मुलं सातवीत गप्प बसलेली. एकाच घरातले हे दोन विद्यार्थी मी पाहिले आहेत. 1994 मध्ये त्या देशानं प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचं धोरण स्वीकारलं. ते राबवताना भांडणंही झाली आणि तडजोडीही. इंग्रजीकडे कधी वळायचं ते प्रांताप्रांतात वेगळं ठरलं. पण मूल आधी स्वतःच्या भाषेत विचार करू लागलं पाहिजे, हे त्यांनी मान्य केलं.

आता आपल्याकडे येते. 2000 सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. मी त्या निर्णयाच्या विरोधात नाही. इंग्रजी चांगली यायला हवी, गरिबाच्या मुलाला तर अधिकच यायला हवी. ज्यांच्या घरात इंग्रजी आहे त्यांनी इतरांना ती नको म्हणून सांगू नये. माझं म्हणणं वेगळं आहे. गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मी बऱ्याचदा गेले आहे. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. वर्गात विज्ञानाची प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहिलेली असतात, मुलं ती उतरवून घेतात, पाठ करतात. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खाली का जातं, असं मी विचारलं, तर सातवीचा वर्ग गप्प. मराठीत सांगा म्हटलं, तर मुलं दाराकडे बघू लागली, बाईंनी ऐकलं तर, म्हणून. देस्सीतला तो मुलगा असाच शिक्षकांकडे पाहत होता. एवढ्या वर्षांनी, एवढ्या अंतरावर, आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या डोळ्यांत तीच भीती पाहून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. वर्गात मराठी बोलल्याबद्दल मुलांकडून दंड घेणाऱ्या शाळा आपल्या जिल्ह्यांत आहेत. या सभागृहात बसलेल्या कोणाच्या शाळेत तो दंड घेतला जात असेल, तर तो सोमवारपासून बंद करा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडते. आपली अधिवेशनं आजवर फक्त इंग्रजीच्या शिक्षकांची झाली. पुढच्या अधिवेशनाला प्रत्येक सभासदानं आपल्या शाळेतल्या एका विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकाला सोबत आणावं, त्यांची पाठ्यपुस्तकं घेऊन यावं, आणि एक पूर्ण दिवस दोघांनी शेजारी बसून सातवी-आठवीचे धडे उघडावेत. त्यासाठी कोणती इंग्रजी आधी शिकवायची ते तिथंच लिहून काढावं. कार्यकारिणीनं त्या दिवसाची सोय करावी. ठरावाला अनुमोदन देणाऱ्यांनी कृपया हात वर करावेत. सचिवांनी मोजणी करून इतिवृत्तात नोंद घ्यावी.